भोंग्याच्या वेळचं बिस्किट

कुत्रं पाळायची हौस मला कधीच नव्हती. ती युक्ती यांची. हे म्हणजे माझे यजमान, पिपलानीतल्या कारखान्यात इंजिनिअर. कारखान्यात तयार झालेली टर्बाइन कुठल्या तरी दूरच्या वीजकेंद्रावर नेऊन उभी करायची, चालू करून द्यायची, हे यांचं काम. त्याला आमची सगळी टाउनशिप 'साइटवर जाणं' म्हणायची. साइट म्हणजे सांगताना सहा महिने आणि प्रत्यक्षात देवाच्या मनात येईल तेव्हा.

लग्न होऊन मी नागपूरहून भोपाळला आले. क्वार्टरचे पडदे शिवून होतात न होतात तोच यांची साइट निघाली. एवढी एक खेप जाऊन येतो, मग इथेच कारखान्यात जागा मागून घेतो, असा शब्द मला दिला. आणि जायच्या सकाळी शेजारच्या भाभींच्या कुत्रीच्या पिल्लांतलं एक उचलून माझ्या हातात ठेवलं. तुला सोबत होईल म्हणाले. मला सोबत कुणाची हवी होती ते मी बोलले नाही, कारण भाभी कुंपणापलीकडे उभ्या होत्या. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत पिल्लानं माझ्या साडीवर आपला कार्यक्रम उरकलेला होता.

पहिले काही दिवस ते नुसतं रडायचं. अंधार पडला की सुरू. भाभींनी कुंपणावरून सल्ला दिला, "बच्चा है, माँ को ढूँढता है. भाईसाहब का कोई पहना हुआ कपड़ा बिछा दो, सो जाएगा." असलं काही घरात नाही, सगळं धुऊन टाकलंय, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. यांचा एक न धुतलेला शर्ट मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. कशासाठी, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. पण पिल्लू काही थांबेना, शेवटी वैतागून मी तो शर्ट काढला आणि त्याच्या खोक्यात टाकला. त्यावर दोन गिरक्या घेऊन ते झोपलं. मी जागीच राहिले.

पुढे दात यायला लागल्यावर त्यानं आधी कॉलर खाल्ली, मग बाह्या. एका दुपारी उरलेला तुकडा हिसकावून घेतला आणि मोरीपाशी बसून रडले. शर्टासाठी कुणी रडतं का? मी रडले. पिल्लू समोर बसून मान वाकडी करून बघत होतं, तेव्हा मला त्याचा इतका राग आला की भाभींच्या अंगणात परत सोडून यावं असं वाटलं. चपला घातल्यासुद्धा. पण ते आपणहून माझ्या पुढे चालायला लागलं, फिरायला निघालो समजून, आणि मग आम्ही फिरूनच आलो.

त्या काळात माझ्या पायाला भिंगरी लागली होती. घरात बसवत नसे. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायचं, भरलेली पिंपं ओतून पुन्हा भरायची. काही उरलं नाही की पिल्लाच्या गळ्यात दोरी घालायची आणि सुटायचं. आनंद नगरच्या बाजूनं रायसेन रोडपर्यंत जायचं, बसमधून उतरणारी माणसं बघायची आणि उगाच चिडून परत फिरायचं. येताना पिल्लू दमून रस्त्यात फतकल मारून बसे. मला दम लागत नसे.

शिकवणं चाललंच होतं. शी-शू कागदावर करायची हा पहिला धडा. आमच्याकडे हिंदी पेपर येई आणि एक मराठी, तोही दुसऱ्या दिवशी, शिळा होऊन. मराठी पेपर पिल्लाखाली घालणं माझ्या जिवावर येई. मग भाभींकडून हिंदी रद्दी आणायची, आणि त्या विचारत, तुमच्याकडेही पेपर येतो ना? शिवाय हुकूम कुठल्या भाषेत द्यायचे हा प्रश्न होताच. टाउनशिपमध्ये घरात तमिळ बोला नाहीतर भोजपुरी, कुत्र्याशी सगळे इंग्रजीत बोलत. 'कम, सिट, नो.' माझ्या नाकावर राग. मी म्हटलं, माझ्या घरचं खाणार, तर मराठीच शिकेल. 'बस', 'ये', 'सोड', एवढं त्याला लवकर आलं. भाभींच्या मुलींना मात्र वाटे की 'ये' हे त्याचं नाव आहे, आणि त्या त्याला 'ये' म्हणूनच हाक मारत.

खरं नाव ठेवायचं यांच्यावर होतं. मी पत्रात विचारलं, तर यांनी चार नावं पाठवून त्यातलं निवड म्हणून कळवलं. तोवर ते 'पिल्लू' या हाकेला ओ द्यायला लागलं होतं, आणि वासराएवढं झाल्यावरही पिल्लूच राहिलं. पत्रातून सूचनाही येत. आधी हुकूम, मग कृती, मग लगेच बक्षीस. उशिरा दिलेलं बक्षीस वाया जातं. वेळ चुकवू नये. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. पत्राच्या शेवटी ठरलेली ओळ असे: पुढच्या महिन्यात बहुतेक सुटका होईल.

मग भोंग्याचं सुरू झालं.

आमच्या टाउनशिपचं घड्याळ म्हणजे कारखान्याचा भोंगा. संध्याकाळी तो झाला की फाटकं उघडत आणि सायकली, स्कूटर यांचा लोंढा क्वार्टरांकडे सुटे. इकडे घराघरांत चहाचं आधण चढे, बायका तोंड धुऊन, पावडर लावून फाटकात येऊन उभ्या राहत. कुत्रीसुद्धा. आमच्या ओळीतलं एकूण एक कुत्रं भोंगा ऐकताच आपापल्या फाटकाशी धावे आणि आपली स्कूटर आवाजावरून ओळखे. पिल्लाची आई कुंपणापलीकडे धावे, तिचं बघून हेही धावायला लागलं. पुढचे पाय फाटकाच्या खालच्या दांडीवर ठेवून, शेपूट हलवत उभं राही. एकेक स्कूटर जाई. एकेका घराचं फाटक वाजे. रस्ता रिकामा झाला की ते खाली उतरे आणि वळून माझ्याकडे बघे. मी काहीतरी लपवून ठेवलंय असं बघणं. ते मला सोसवत नसे. एकदा भाभी सहज म्हणाल्या, "देखो बेचारा, किसकी राह देखता है." मी फाटकात उभी राहत नसे, तो माझा मान होता. पण माझ्या घराचं कुत्रं सगळ्या ओळीसमोर माझी लाज काढत होतं.

यांचीच पद्धत मी वापरली. भोंगा वाजायला लागला, की त्याच क्षणी स्वयंपाकघरात बिस्किटांचा डबा वाजवायचा. धावत आलं की बिस्किट. सुरुवातीला ते दाराच्या उंबऱ्यावर अडायचं, एक कान डब्याकडे आणि एक रस्त्याकडे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं सगळे म्हणतात. पण पोटाची गोष्ट वेगळी. हळूहळू भोंग्याचा पहिला सूर निघाला की पिल्लू, जिथे असेल तिथून, थेट स्वयंपाकघरात माझ्या पायाशी यायला लागलं. रस्त्यानं स्कूटर जावोत नाहीतर हत्ती, त्याला घेणं नव्हतं. मीही त्याच वेळी कणीक मळायला घेई आणि शेजारी नळ मोठा सोडून ठेवी, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येत नसे. एवढी एक गोष्ट मी त्याला अगदी पक्की शिकवली, आणि मला तिचा अभिमान होता.

आणि मग, 'पुढच्या महिन्यात' या शब्दांवरचा माझा विश्वास पार उडाल्यावर, हे खरंच परत आले. दिलेल्या शब्दाप्रमाणे कारखान्यात जागा मागून आले. काळवंडलेले, वाळलेले, हातात होल्डॉल. पिल्लानं बूट हुंगले आणि न भुंकता आत घेतलं. ज्याचा शर्ट खाल्ला त्याला ओळखलं असावं. मला आनंद झाला होता. तो दाखवायचा कसा ते मात्र आठवत नव्हतं. मी विचारलं, आंघोळीला पाणी काढू का?

दोन दिवसांनी हे कामावर रुजू झाले. गोणपाटाखालची स्कूटर पुसून, लाथा मारून चालू केली आणि गेले. संध्याकाळी भोंगा झाला. पिल्लू स्वयंपाकघरात आलं, मी बिस्किट दिलं, नळ सोडला, कणीक घेतली. किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. फाटकाशी तीनदा हॉर्न वाजवला, म्हणाले. मी म्हटलं, ऐकू आलं नाही, नळ चालू होता. यांनी पुढे होऊन नळ बंद केला.

"तिथे भोंगा नव्हता," हे म्हणाले. "पण त्या वेळेला मी रोज घड्याळ बघायचो. वाटायचं, परत जाईन तेव्हा फाटकात कुणीतरी असेल. निदान कुत्रं."

"आम्ही वाट बघायचं सोडून दिलं होतं," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते इतकं सरळ निघून गेलं की मलाच धक्का बसला. मागे घ्यावं असं वाटलं, पण खोटं नव्हतं, मग काय मागे घेणार? यांनी चहा घेतला आणि पिल्लाला कसं शिकवलंस म्हणून विचारलं. मी सांगितलं. छान जमलंय, म्हणाले. टोमणा नव्हता, यांना टोमणे मारता येत नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशीपासून यांनी खिशात बिस्किट ठेवून यायला सुरुवात केली. पण भोंगा होऊन हे घरी पोचेपर्यंत वेळ जाई, आणि पिल्लू तोवर आत येऊन, माझ्याकडून खाऊन, चुलीशेजारी पसरलेलं असे. हे फाटकात उभे राहून शीळ घालत. पिल्लू एक डोळा उघडून माझ्याकडे बघे. शेजारच्या फाटकात भाभींचं अख्खं घर गोळा झालेलं असे आणि माझा इंजिनिअर नवरा चुरा झालेलं बिस्किट हातावर घेऊन रिकाम्या अंगणाला शीळ घाली. बिस्किट भोंग्याच्याच क्षणी फाटकापाशी असायला हवं होतं, आणि त्या क्षणी तिथे असू शकणारं माणूस एकच होतं. मला ते कळत होतं. पण मी जात नव्हते. इतके दिवस मला कुणी फाटकात उभं पाहिलं नाही, आता काय म्हणून जाऊ? रोज भोंगा झाला की हात कणकेत आणि जीव अंगणात. आणि रोज मी जागची हलत नसे.

असे आठवडे गेले. एका संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, नवी साइट निघाली आहे, अनुभवी माणूस पाहिजे म्हणतात. मग पानातला भात चिवडत राहिले.

"मी म्हटलंय, घरी विचारून उद्या सांगतो," म्हणाले. "माझ्यावाचून तुझं काही अडत नाही असं दिसतंय. तर जाऊ का?"

मागच्या खेपेला मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, तर मी उठून ताटं घासायला घेतली. सकाळी डबा दिला तेव्हाही बोलले नाही. हे स्कूटरवर बसले, थोडं थांबले आणि गेले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. अंगण झाडलं, पिंपं ओतली, पिल्लाला घेऊन रायसेन रोडपर्यंत जाऊन आले. एकदा वाटलं, कारखान्याच्या फाटकावर जाऊन निरोप पाठवावा. काय निरोप पाठवणार?

भोंगा व्हायच्या जरा आधी मी हात धुतले आणि बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर आले. फाटकापाशी उभी राहिले. भाभी त्यांच्या फाटकातून म्हणाल्या, "आज सूरज किधर से निकला?" मी डबा छातीशी धरून उभी राहिले. भोंगा झाला. पिल्लू परसातून सुटलं ते शिस्तीत स्वयंपाकघरात. आत नखांचा आवाज ऐकू आला, मग काहीच नाही. मी डबा वाजवला. ते दारात येऊन थबकलं, मागे वळून रिकाम्या ओट्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. आणि आलं. दांडीवर पाय ठेवून माझ्याशेजारी उभं राहिलं.

स्कूटर येऊन गेल्या. भाभींचं फाटक वाजलं, पलीकडचं वाजलं. आमची स्कूटर दिसेना. रस्ता रिकामा होत चालला तशी माझी खात्रीच झाली की हे होकार द्यायला थांबलेत. पिल्लू खाली उतरलं आणि माझ्याकडे बघायला लागलं. या वेळी मी त्याच्याकडे बघणं टाळलं नाही.

तेवढ्यात त्याचे कान उभे राहिले. वळणावरून ती खोकणारी स्कूटर आली. आम्हा दोघांना पाहून यांनी इंजिन रस्त्यातच बंद केलं आणि शेवटची काही पावलं गाडी ढकलत आणली. मी डबा पुढे केला, बिस्किट तुम्हीच द्या म्हटलं. यांनी दिलं. पिल्लानं ते तोंडात धरलं आणि सवयीनं स्वयंपाकघरात पळालं.

"सांगून आलात?" मी विचारलं.

"नाही. उद्या सकाळपर्यंत वेळ मागून घेतलाय."

"मग उद्या सकाळी नाही म्हणून सांगा. पिल्लू वाट बघतं."

यांनी आत बघितलं. पिल्लू ओट्याखाली आरामात बिस्किट खात होतं. हे हसले नाहीत, तसेच गाडी धरून उभे राहिले.

"मी बघते वाट," मी म्हटलं.