पांढऱ्या दिव्याशी भांडणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संना रागवायला पृथ्वी पुरली नाही, म्हणून त्या आकाशात गेल्या. याहून नेमकं त्यांचं वर्णन मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभा जन्म काढला. नमुना ज्योतीत धरायचा, त्याच्या उजेडातल्या रेघा बघायच्या आणि आत कुठला धातू आहे ते सांगायचं. लग्न केलं नाही. "माझ्या रागात दुसरा माणूस मावला नसता," असं त्या स्वतःच सांगतात, आणि तेही रागावूनच. रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात. वन्संनी रोह्याजवळच्या वरसे गावात गच्चीचं घर घेतलं, गच्चीवर दुर्बीण बसवली, आणि जो वचक आजवर कंपनीतल्या पोरांवर होता तो तेजोमेघांवर बसवला.

तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांच्या मधली वायूची आणि धुळीची अफाट धुरकट वस्ती. तिचा उजेड इतका मंद, की जरा कुठे लखलखाट झाला की ती दिसेनाशी होते. त्यामुळे जे जे म्हणून चमकतं ते वन्संचा वैरी. पहिला मान चंद्राचा. कोजागिरीला आम्ही हौसेने मसाला दूध घेऊन रोह्याला गेलो, तर वन्सं ते चंद्राकडे पाठ करून प्यायल्या. वर म्हणाल्या, "दूध चांगलं आहे. त्याचं कौतुक मला सांगू नका."

एकदा सकाळी ह्यांनी घरच्या ग्रुपवर तेजोमेघाचं चित्र टाकलं. मोरपंखी, गुलाबी, सोनेरी; खाली 'देवाची रंगपंचमी'. दुपारी वन्सं एसटीने पेणला आमच्या घरी हजर. उंबऱ्यातूनच कडाडल्या, "हे रंग कुणी पाहिले? तू पाहिलेस?"

"अगं ताई, फोटोच आहे तो."

"फोटो आहे म्हणूनच विचारते!"

मग पाण्याला हात न लावता उभ्याउभ्या आमची शिकवणी. तेजोमेघात कोवळे आणि महातापट तारे असतात. त्यांचे अतिनील किरण वायूवर पडले की वायू पेटल्यासारखा उजळतो, पण ज्याच्या त्याच्या ठरलेल्या रंगात. हायड्रोजन लाल, ऑक्सिजन हिरवा. ताऱ्याचा उजेड फोडला तर सलग पट्टा मिळतो, या वायूचा फोडला तर सुट्या रेघा. त्या रेघांवरून इथे बसून तिथला वायू ओळखायचा. शास्त्रज्ञ एकेका वायूचा उजेड वेगळा गाळून टिपतात, धुळीआडचं बघायला अवरक्त किरण धरतात, थंड वायूचा माग काढायला रेडिओलहरी. जे डोळ्याला दिसतच नाही त्याला शेवटी एखादा रंग नेमून देतात. "नेमू देत ना! नाहीतर दिसणार कसं? पण नेमलाय हे सांगायला तोंडं शिवलीत का सगळ्यांची?" 'कोवळे आणि महातापट' ऐकताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

पण त्यांचा खरा राग मी पाहिला तो त्यांच्या शेजारणीच्या दिव्यापायी. शेजारीण मूळची पेणच्या खाडीकडची; माहेर-सासर दोन्ही मिठागरातलं. तिने भिंतीवर पांढऱ्याफेक उजेडाचा मोठा दिवा लावला आणि वन्संची गच्ची मांडवासारखी उजळली. मी त्या दिवशी पोह्याचे पापड द्यायला गेले होते. संध्याकाळी दिवा लागला आणि वन्सं कठड्यावरून गरजल्या, "बंद कर तो! जुना पिवळा दिवा परवडला! तो एकाच रंगात बोंबलायचा, काच लावून त्याला गाळता यायचं. हा मेला सगळ्या रंगांत बोंबलतो, याला गाळू कशाने?"

शेजारीण अंगणात आली, कमरेवर हात. "म्याडम, माजी पोर कंपनीतनं येते. बस नाक्यावर सोडते, तिथनं इथवर एक दिवा नाय. परवा पायात फुरसं निघालं तिच्या. तुमच्या ढगासाठी काळोख करू व्हय?"

"ढग नाही तो!"

"ढग नाय तर नाय! पोर तर माजी हाय ना?"

वन्सं तशाच आत आल्या, भांडी आपटली, माझ्यावर ओरडल्या, पापडांवर ओरडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र पत्रेवाल्याकडून, त्यालाही झापून, पत्र्याची एक टोपी करवून आणली आणि स्वतः शिडीवर चढल्या. शिडी शेजारणीने धरली होती. "नीट धर गो! पडले तर तुझा दिवा फोडूनच पडेन!" टोपी बसली. उजेड गच्चीवरून उतरला आणि सगळाच्या सगळा पायवाटेवर पडला. वाट आधीपेक्षा लख्ख दिसायला लागली. त्या हिवाळ्यात वन्संनी शेजारणीला दरडावून गच्चीवर नेलं आणि मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दाखवला. ती बराच वेळ एक डोळा मिटून वाकून राहिली.

"एवढासा? राखेच्या बोटासारखा? याच्यापायी भांडलात?"



"व्हय," वन्सं म्हणाल्या. "तारे जन्मतात तिथे."

"मग बाळंतिणीची खोली म्हणा की. आदी सांगायचं नाय का? तिथं उजेड कोण लावतो?"

वन्सं हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

यंदा रस्त्यापलीकडे इमारती उभ्या राहिल्या आणि चौकात उंच खांब आला, वर पांढऱ्या दिव्यांचा घोस घेऊन. त्याला टोपी कोण घालणार? मी गेले तेव्हा दुर्बिणीवर चादर होती आणि आभाळ ताकासारखं पांढुरकं. मी वादळाची तयारी करून गेले होते. वन्सं म्हणाल्या, "लोक राहायला आलेत. त्यांना दिसायला हवं ना." शेजारीण चहा घेऊन आली होती. ती मला जिन्यात गाठून म्हणाली, "म्याडम हल्ली वरडत नायत वो. मला भ्या वाटतं."

निघताना वन्सं फाटकापर्यंत आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "जपून जा." पेणच्या वाटेवर एसटी वडखळला आली तेव्हा सगळा नाका दिव्यांनी लखलखत होता. वन्संच्या वतीने त्याला चार शब्द सुनावावेत म्हणून मी खिडकीची काच सरकवली. पण मला तो राग जमेना.