चुन्यावरचे डाग

"हात गेला गा मिस्त्रीचा."

टाकीच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं. दुसऱ्याने लगेच भर घातली, "हात कायचा, डोये गेले. साठीले आला तो. गॅसच्या मशीनवर त्याले काहून बसवलं, मालकालेच ठाऊक."

मी अलीकडे रजिस्टर घेऊन उभी होते. टाकीच्या जोडाला आतून रॉकेल फासलेलं होतं आणि बाहेरून चुना. जोडात सुईएवढं भोक असलं तरी रॉकेल झिरपतं आणि चुन्यावर पिवळट डाग उमटतो. डाग मोजायचे आणि कोणता जोड किती वाजता मारला ते लिहायचं, हे माझं काम. त्या दिवशी मी एकवीस डाग लिहिले.

वाडीतल्या त्या कारखान्यात ट्रकवर बसवायच्या पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्या बनत. ऐंशी सालाच्या आसपास, बी.एस्सी. झाल्या झाल्या मी तिथे ऑफिसात लागले. कॉन्व्हेंटमधली मी, मराठी बोलताना शब्द चुकेल आणि शेडमध्ये त्याची नक्कल होईल, ही धास्ती कायम असायची. म्हणून बहुतेक वेळा मान हलवून भागवत असे. मिस्त्री तेवढे रोज विचारायचे, "जेवली का वं बेटा?" आणि उत्तरासाठी न थांबता पुढे जायचे. मला ते बरं वाटायचं.

तीस वर्षं त्यांनी रॉडने वेल्डिंग केलं होतं. रॉड संपला की थांबायचं, दुसरा लावायचा, जोडावरची खपली ठोकून काढायची. मार्चमध्ये नवीन मशीन आलं. त्यात तार आपोआप पुढे सरकते, आणि सिलिंडरमधून येणारा कार्बन डायऑक्साइड वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. ज्या जोडाला अख्खा दिवस जायचा, तो जेवणाच्या सुट्टीआधी होऊ लागला.

मशीनसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मालकांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "याचं मराठी करून दे. मिस्त्रींना वाचता आलं पाहिजे."

मी एक वही भरली. कोणत्या पत्र्याला किती करंट, कोणत्या कामाला कोणता गॅस. आर्गॉन मिसळला तर जोड गुळगुळीत होतो आणि ठिणग्या कमी उडतात, पण आमच्यासारख्या जाड साध्या पत्र्याला नुसता कार्बन डायऑक्साइड पुरतो, स्वस्तही पडतो. शेवटची दोन पानं सावधगिरीची होती. बूट घाला, काच लावा, तेलकट कपडे नकोत. तीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला हे काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मी कंटाळले होते. ती पानं सोडली आणि कुणाला बोलले नाही.

मिस्त्रींनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्याच्या थैलीत ठेवली. दुपारी ओळीखाली बोट धरून वाचत बसायचे.

महिना-दीड महिना काम छान चाललं. मग ऊन तापलं आणि जोड बिघडायला लागले. घासून बघितलं तर आत अनारशासारखी जाळी. आधी गॅसवर संशय आला. सिलिंडर सोडावॉटरवाल्यांना गॅस देणाऱ्याकडून आणलेला होता. मिस्त्रींनी तो उलटा करून कॉक सैल केला तर पाणीच उडालं. सगळे हसले, प्रश्न सुटला. मालकांनी वेल्डिंगचा कोरडा गॅस मागवला. तो दोन दिवसांनी आला, तरी पुन्हा डाग.

"मुंबईहून आर्गॉनवाला गॅस मागवू का?" मालक म्हणाले.

"ह्या पत्र्याले सादा पुरते जी. वहीत लिहिलं हाये."

"वही वाचून वेल्डिंग करून राहिला म्हातारा!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मालकही हसले.

त्या एकवीस डागांच्या दिवशी मी ऑफिसात येऊन रजिस्टरची मागची पानं चाळली. सकाळी मारलेल्या जोडांपुढे एकही डाग नव्हता. सगळे अकरानंतरचे. अकराला शेडमध्ये एकच गोष्ट बदलायची: मोठ्या कूलरमध्ये पाणी भरून तो चालू करायचे आणि त्याचं तोंड मिस्त्रींकडे फिरवायचे. सगळ्यात वडील माणसाला आधी गार वारा, ही तिथली रीत होती. त्यांची टिंगल करणारेही ती मोडत नसत. रॉडच्या वेल्डिंगला त्या वाऱ्याने कधी काही झालं नव्हतं.

मी पुस्तकाची शेवटची पानं काढली. बूट आणि काचेच्या खालीच ओळ होती: पंख्याच्या किंवा जोराच्या वाऱ्यात हे काम करू नये, वाऱ्याने गॅस उडून जातो.

ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली. सांगायचं तर पानं कुणी गाळली तेही सांगावं लागणार होतं, आणि तेही शेडमध्ये, सगळ्यांसमोर. उद्या मालकांना चिठ्ठी लिहावी, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. तेवढ्यात बाहेर मालकांचा आवाज आला.

"मिस्त्री, सोमवारपासून तुम्ही खिडक्यांच्या ग्रिलचं काम बघा. टाक्यांवर दुसरा माणूस येतोय."

मी दारात आले. मिस्त्रींनी हातमोजे काढून मशीनवर ठेवले. "बरं जी," म्हणाले. मग थैलीतून ती वही काढून माझ्यासमोर धरली. पिशवी तशीच स्वच्छ होती.

"घे वं बेटा. नव्या माणसाच्या कामी येईन."

मी वही घेतली नाही. कूलर घरघरत होता, त्यामुळे मला आवाज चढवावा लागला. शेडमधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"मिस्त्रींचा हात चांगला आहे. चूक माझी आहे. पुस्तकातली दोन पानं मी वहीत लिहिलीच नाहीत. तो कूलर बंद करा आणि त्यांना एक जोड मारू द्या."