आमच्या साडूंची तीन ऑफिसं

सृष्टी रचायचं काम आमच्या साडूंकडं आलं असतं, तर माणूस अजून जन्मला नसता. तो कोणत्या मशीनवर बरा दिसतो, याची तुलना अजून चालूच असती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. येडशीला राहतात, शाळेत गणित शिकवतात, आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जवळजवळ सगळ्याच वेळात, कॉम्प्युटरवर पत्रं आणि तक्ते करायची जी सॉफ्टवेअरं असतात त्यांच्या कुस्त्या लावतात. या सॉफ्टवेअरांना ते नुसतं 'ऑफिस' म्हणतात. घरात तीन लॅपटॉप आहेत: एक विंडोजचा, एक लिनक्सचा आणि एक पुण्याच्या पुतण्यानं टाकून दिलेला मॅक. जेवायच्या टेबलावर हे तिघं बसतात, घरातली माणसं खाली पंगत मांडतात.

बरं, एकावर तरी जीव असावा? तेही नाही. "विंडोजवालं ऑफिस म्हणजे थोरली जाऊ," ते सांगतात. "सगळं येतं तिला, पण ऐकवती लई. लिनक्सवालं फुकटचं आन् गुणी, पण चार पाव्हण्यांत गेलं की बावचळतं. आन् मॅकवालं नुसतं बघायचं." हे ऐकायला समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. येडशी स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्याला त्यांनी हे सगळं ऐकवलं होतं, आणि तो बिचारा शेवटी भलत्याच गाडीत चढला. एकदा मेहुणीचे हात कणकेत होते म्हणून तिनं किराण्याची यादी लिहून घ्यायला सांगितली. साडूंनी ती तिन्ही मशीनींवर केली, तिन्ही छापल्या, आणि तूरडाळ एकीत पहिल्या पानावर तर दुसरीत दुसऱ्या पानावर का जाते याचा छडा लावत बसले. तोवर दुकान बंद झालं. मेहुणीनं पिठलं केलं आणि ताट त्यांच्यापुढं जरा आपटूनच ठेवलं.

माझं धाराशिवला बी-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणतं ऑफिस टाकू, असं मी एकदा त्यांना विचारलं. दुर्बुद्धी, दुसरं काय! विचारलं तेव्हा सोयाबीन पेरायचं होतं. उत्तर आलं तेव्हा काढून झालं होतं, आणि उत्तर होतं, "अवलंबून आहे."

शहाणा माणूस दुसऱ्याला काही पाठवायचं तर त्याची पीडीएफ करतो. ती सगळीकडं सारखीच दिसते आणि विषय मिटतो. साडूंना नेमका विषय मिटलेला खपत नाही. "पीडीएफ म्हणजे पळपुटेपणा," ते म्हणतात. "फाईल उघडीच पाठवायची. ज्या ऑफिसात दम असंल, ते तिला जशीच्या तशी उघडंल."

हा दम त्यांनी बघितला तो पोटच्या पोरीच्या लग्नपत्रिकेवर. आपल्याकडं पत्रिकेत नावांचा मान सांभाळता सांभाळता माणूस अर्धा होतो. साडूंनी सगळ्या नातेवाइकांचा तक्ता केला आणि नावापुढचं 'श्री.' किंवा 'कै.' वेगळ्या रकान्यात टाकलं. घरच्या 'श्री.'वाल्या नावांखाली आजोळची नावं, त्यांत आधी आमचे कैलासवासी सासरे, त्यांच्याखाली माकणीचा आमचा मेव्हणा, म्हणजे नवरीचा एकुलता एक मामा. घरच्या तिन्ही मशीनींत सगळं जागच्या जागी दिसलं. छापखान्यातल्या मशीनीत मात्र तो रकाना एक घर खाली घसरला. पत्रिकांचे गठ्ठे आले तेव्हा साडूंनी चारी बाजूंचा समास पट्टीनं मोजला. तो बरोबर भरला. मजकूर वाचायचं काही त्यांना सुचलं नाही.

पत्रिका माकणीला पोचली, भावकीत वाटली गेली, आणि मेव्हण्याच्या दारात माणसं तोंड पाडून येऊन बसायला लागली. त्याचा फोन आला. "दाजी, म्या मेलो व्हय? वर म्हातारा जित्ता केलाय आन् मला धाडलंय!" साडू त्याला रकान्याचं शास्त्र समजावायला लागले, तसा तो म्हणाला, "मेलेला मामा नवरीमागं उभा ऱ्हात न्हाय. दुसरा बघा." आणि फोन ठेवला.

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा लागतो. तो बाजारात मिळत नाही. पोरीनं रडून डोळे सुजवले, मेहुणी नवऱ्याशी बोलायची बंद झाली. साडू माकणीला निघाले. एकट्याला सोडणं धोक्याचं, म्हणून मीही गेलो. वाटलं होतं, हा माणूस पाय धरील. त्यांनी ओसरीवर तिन्ही लॅपटॉप मांडले.

"हे बघा," ते मेव्हण्याला म्हणाले, "लिनक्समधी तुम्ही जिवंत हाय. मॅकमधी बी जिवंत हाय. फक्त ह्या विंडोजमधी, छापखान्यातलं जुनं ऑफिस टाकलं की..."

"उचला ही दुकानं!" मेव्हणा गरजला. मला तर साडूंचा लॅपटॉप त्यांच्याच डोक्यात घालावा असं वाटत होतं.

इतक्यात सासूबाई आतून आल्या. त्या लेकाकडंच राहतात. त्यांनी चष्मा लावला आणि खाली बसून विचारलं, "जावईबापू, ह्यांच्या नावाम्होरं श्री कोणच्या मशीनीत हाय?"

साडूंनी विंडोजचा लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. सासूबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. बोट खाली लेकाच्या नावावर आलं आणि त्यांनी ते चटका बसल्यासारखं उचललं. मग लिनक्स बघितलं, मॅक बघितला. तिथं लेक होता, पण नवरा नव्हता.

"दोघं बी जित्ती असत्याल, असं एक बी मशीन न्हाय का वो?"

साडूंनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील, अवलंबून आहे. पण त्यांनी एकेक लॅपटॉप मिटला. मेव्हणा उठून आईजवळ बसला, आणि जमिनीकडं बघतच म्हणाला, "दाजी, फेटा कोणच्या रंगाचा आणताव?"

पत्रिका पुन्हा छापली. तिच्यात कुणाच्याच नावापुढं काही नव्हतं, ना श्री, ना कै. नुसती नावं, एकाखाली एक. भावकीनं नाकं मुरडली. "मान म्हून काय असतो का न्हाय?" साडू एवढंच म्हणाले, "सगळ्या मशीनींत सारखं दिसतं." छापखान्यात त्यांनी ती पीडीएफ करून पाठवली होती. हे मला छापखानेवाल्यानं सांगितलं, त्यांनी नाही.

लग्नात मामा गुलाबी फेटा बांधून भाचीच्या मागं उभा राहिला आणि अक्षता पडेपर्यंत रडत राहिला. पुढच्या खुर्चीवर सासूबाई नवी पत्रिका मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांचं बोट वरच्या नावावरून खालच्या नावावर जायचं, परत वर यायचं. साडू माझ्या शेजारी उभे राहून त्यांच्याकडंच बघत होते. मी चिडवायचं म्हणून विचारलं, "शेवटी कोणत्या ऑफिसात केली हो ही पत्रिका?"

"ध्यानात न्हाय," साडू म्हणाले.