परसातला घुमट

भट्टीचा गवंडी म्हणून त्याने तीस वर्षं कारखान्यात काढली. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना आतून विटांचं अस्तर लावायचं, ते जळून गेलं की फोडून काढायचं आणि पुन्हा लावायचं. निम्मा जन्म बांधण्यात गेला, निम्मा फोडण्यात, आणि फोडण्याचं काम त्याला जास्त जमायचं असं सगळ्यांचं मत होतं. फोरमनचे समोरचे दोन दात, एका क्रेनवाल्याचं मनगट आणि कँटीनची काचेची खिडकी ही त्याने कामाच्या वेळेबाहेर केलेली फोडाफोड. बायकोला तो मारायचा की नाही, याबद्दल घरात कोणी बोलत नसे. म्हणजे मारायचा.

बायको गेली. तो निवृत्त झाला आणि भाड्याच्या खोलीत राहू लागला. दीड वर्षाने शेजाऱ्याचं नाक मोडल्यावर घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितलं. मग मुलीने त्याला आपल्याकडे आणलं. दारातच, चपला काढायच्या आधी, तिने एक अट घातली.

"या घरात हात उचललात, बाबा, तर त्याच दिवशी निघायचं. मग कारण काही असो."

"बरं," तो म्हणाला. यापूर्वी इतक्या थोडक्यात तो कशालाच कबूल झाला नव्हता.

पाच महिने त्याने हात खिशात ठेवून काढले. जावई बोलका माणूस होता. विमा कंपनीत बसायचा आणि जगातल्या प्रत्येक कामाचा एक व्हिडिओ त्याने पाहिलेला असायचा. अशा माणसाबरोबर एका छपराखाली पाच महिने हात खिशात ठेवणं म्हणजे काय, हे फोरमनला विचारायला हवं होतं.

मग जावयाच्या डोक्यात लाकडावरच्या पिझ्झ्याच्या भट्टीने घर केलं. परसात, नळाच्या पलीकडे, मोकळी जागा होती.

"वीकेंड प्रोजेक्ट आहे, बाबा. शनिवार-रविवारचं काम. मी व्हिडिओ पाहिलाय."

"घरात भट्टीचा गवंडी बसलाय आणि जावईबापू व्हिडिओ बघतायत," सासरा म्हणाला. "सरका बाजूला."

त्या दिवसापासून घरात शांतता आली. म्हातारा सकाळी सातला परसात उतरायचा आणि जो राग माणसांवर काढायची सोय नव्हती तो विटांवर काढायचा. हातोडीच्या एका फटक्यात वीट दुभंगायची. मनासारखी दुभंगली नाही तर तिचा भुगा व्हायचा. "तुझ्या बापाने पाहिली होती का भट्टी?" असं तो विटेला विचारायचा. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची आणि हसू दाबायची. वीट उलट उत्तर देत नव्हती, तोवर ठीकच होतं.

ओटा झाला. त्यावर ओल्या रेतीचा गोल ढीग थापला. त्या ढिगावर घुमट ओतायचा आणि तो घट्ट झाला की तोंडातून रेती उकरून काढायची. इथेच म्हाताऱ्याने चूक केली. ती त्याच्यासारख्यालाच शक्य होती. पिझ्झ्याला पातळ विटांचा हलका घुमट पुरतो. याने ओळखीच्या गोदामातून पोलादाच्या भट्टीचं घट्ट काँक्रीट आणलं आणि वीतभर जाडीचा घुमट ओतला. त्यातून मुंगी जात नाही, तशी वाफही जात नाही. परसात पोलाद वितळवायची वेळ आलीच असती, तर कुटुंबाची सोय झाली होती.

"आता दोन आठवडे भट्टी वाळायला ठेवायची," दोन दिवसांनी आतली रेती उकरून काढल्यावर तो म्हणाला. "मग सात दिवस छोटा जाळ. पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, रोज थोडं वाढवायचं. नवी भट्टी बाळंतिणीसारखी सांभाळायची. आतलं पाणी हळूहळू जाऊ द्यायचं. एकदम पेटवली तर पाण्याची वाफ होते आणि वाफेला वाट मिळाली नाही तर ती करून घेते."

"व्हिडिओत तर दुसऱ्याच दिवशी पेटवलीय."

"व्हिडिओत फुटली की कॅमेरा बंद करतात."

जावई हसला. रविवारी ऑफिसातल्या सहा जणांना जेवायला बोलावलंय, हे त्याने सांगितलं नाही. तोवर घुमटाला जेमतेम चार दिवस झाले असते.

रविवारी दुपारी म्हातारा आंघोळीला गेला होता. बाहेर हसण्याचे, खुर्च्या ओढल्याचे आवाज आले. अंगावर दुसरा तांब्या घेताना त्याला धुराचा वास आला. काटक्यांचा नव्हता. ओंडक्यांचा, भरपूर, आणि मागून रॉकेलचा. तो पंचा गुंडाळून तसाच बाहेर आला.

जावई भट्टीच्या तोंडासमोर खुर्ची ओढून बसला होता आणि वाकून फुंकत होता. पाहुणे मागे अर्धवर्तुळात उभे होते, हातात फोन धरून. घुमटावर घामासारखे थेंब फुटले होते आणि आतून चहाची किटली उकळायला लागल्यासारखा बारीक आवाज येत होता. हा आवाज त्याने कारखान्यात एकदा ऐकला होता. त्यानंतर तिथे एक माणूस कमी झाला होता.

तो ओरडला नाही. धावला आणि खांद्याने जावयाला असा धक्का दिला की जावई नळावर आपटून गवतात पडला. पुढच्याच क्षणी घुमट फुटला. नारळाएवढा तुकडा जावयाच्या रिकाम्या खुर्चीची पाठ घेऊन भिंतीवर गेला. दुसऱ्याने पाण्याची टाकी फाडली. पाहुणे किंचाळत घरातून पुढच्या अंगणात पळाले. परसात धूर, वाफ, निखारे आणि हे दोघे राहिले.

जावई उताणा होता. तोंडावर राख. भीतीने की बोलायच्या सवयीने कोण जाणे, तो म्हणाला, "बाबा, मटेरियलच चुकलं तुमचं. एवढं जाड कोण घालतं?"

हे खरं होतं. म्हाताऱ्याला ते त्याच क्षणी कळलं, आणि म्हणूनच तो जावयाच्या छातीवर बसला. पहिली मूठ ओठावर बसली. दुसरी दातावर. तिसरी उचललेली असताना त्याला खालचे डोळे दिसले आणि हात आपोआप थांबला. इतका उशिरा थांबण्याला थांबणं म्हणायचं की दमणं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

मुलगी वरच्या खोलीतून धावत खाली आली तेव्हा नवरा नळाशी बसून रक्त थुंकत होता आणि पाहुणे एकेक करून परतत होते.

"काकांनी वाचवलं त्याला," एक जण म्हणाला. "खुर्ची बघा. तिथेच होता तो."

"दात कशाने गेला?" मुलीने नवऱ्याला विचारलं.

"तुकडा लागला," जावई म्हणाला. खाली बघत, पटकन, पाठ केलेलं वाक्य असल्यासारखं. "उडाला ना, तो लागला."

म्हाताऱ्याने मान वळवली. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. त्याची बायको दवाखान्यात डॉक्टरांना असंच सांगायची, की जिन्यावरून घसरले, कपाटाचं दार लागलं. शेजारी तेव्हा आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी असायची, आणि डॉक्टर मान डोलवून औषध लिहायचे. त्या घराला जिना नव्हता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ती वाक्यं तिने स्वतःसाठी बनवली होती, त्याला वाचवण्यासाठी नव्हे.

जावयाने दिलेली वाट सरळ होती. गप्प राहिलं की झालं. संध्याकाळी चहा मिळाला असता, पाहुण्यांनी पाठ थोपटली असती, आणि वरची त्याची खोली त्याच्याकडेच राहिली असती.

"तुकड्याने नाही," तो म्हणाला. "मी मारलं. फुटून गेल्यावर."

पाहुण्यांपैकी कोणीतरी खाकरलं. जावई म्हणाला, "अहो बाबा, जाऊ द्या ना," आणि पुन्हा थुंकला.

मुलीने बापाच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"किती?"

"दोन. तिसरी उचलली होती."

 मग तिने नवऱ्याला काखेत हात घालून उभं केलं. "चल दवाखान्यात." बापाकडे न वळता ती म्हणाली, "आम्ही परत यायच्या आत निघा, बाबा."

"बरं."

गाडी गेली. पाहुणेही चपला शोधत गेले. म्हाताऱ्याने कपडे घातले, वरून बॅग आणली आणि ती दाराशी ठेवून पुन्हा परसात गेला. फुटका घुमट तसाच सोडला तर उद्या कोणाच्या तरी डोक्यावर येईल. त्याने निखारे ओढून बाहेर काढले, रेतीत पुरले आणि घण घेतला. लोंबणारं सगळं खाली आणलं. एकेका घावाला खांद्यातून कळ जात होती, त्याला ती बरी वाटत होती. तुकडे एका कोपऱ्यात रचले. टाकीचं भोक चिंधीने बुजवलं.

डावीकडचा भाग मात्र पडेना. कमान धरून उभा राहिला होता, कुठे तडा नाही. त्याने जीव खाऊन सहा घाव घातले. थापीने वाजवून पाहिलं. आवाज भक्कम होता.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला. त्याने घण भिंतीला टेकवला, बॅग घेतली आणि मागच्या फाटकातून बाहेर पडला.