डोळे शेवटी

महालिंगराव एकसष्टाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या क्लासात जाऊन बसले, ते हौसेने नव्हे. कुंभकोणच्या विठ्ठलमठात दरवर्षी रुक्मिणीकल्याण, म्हणजे विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न, होतं आणि मूर्तीमागे लागणारा आठ फुटी पडदा बत्तीस वर्षं त्यांच्या हातचा होता. दरवर्षी नवं कापड, नवा विठ्ठल, शेजारी नवरीच्या वेषातली रुक्मिणी. एरवी ते पाट्या रंगवत. पण नाचियार्कोविलच्या समयांच्या दुकानांवरच्या त्यांच्या पाट्या एकेक करून उतरल्या आणि तिथे फ्लेक्स लागले. त्यांतली एक पाटी त्यांनी बसमधून पाहिली होती. कोणीतरी ती शेळ्यांच्या कुडाला ठोकली होती, अक्षरं आतल्या बाजूला.

पोंगल झाल्यावर मठाचे चिटणीस साईराम घरी आले. दोघांच्याही घराण्यांत मराठी बोलत, तीनशे वर्षांपूर्वी वाडवडलांनी बरोबर आणली तशीच. उंबऱ्याबाहेर मात्र तमिळ.

"अण्णा, यंदा फ्लेक्स करूं म्हणतात सगळे," साईराम म्हणाले. "तुमचा पडदा वाळायला चार दिवस लागतात. वर तो वास. प्रेसवाला इंटरनेटवरचा विठ्ठल घेऊन तासात छापून देतो."

"इंटरनेटवरचा विठ्ठल काढिला कोणी?"

"तें कोण विचारतो, अण्णा?"

"आणि मीच कॉम्प्युटरवर काढून दिला तर?"

साईराम हसले असते तर बरं झालं असतं. ते गंभीरपणे म्हणाले, "द्या की. अडीच महिने आहेत."

क्लास भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर होता. शिकवणारी भुवनेश्वरी चाळिशीची, बोलायला फटकळ. बाकीच्या कॉलेजच्या मुली. महालिंगरावांना कोपऱ्यातला कॉम्प्युटर आणि एक काळी पाटी मिळाली, जिच्यावर पेन फिरवलं की रेघ समोरच्या पडद्यावर उमटे. हात इथे आणि रेघ तिथे. पहिला आठवडा ते हाताकडेच पाहत राहिले. तिथे काहीच उमटत नव्हतं.

मग एकेक गोष्ट कळेनाशी होत गेली. चित्र मोठं करता येई, पण जवळ येत नसे. विठ्ठलाचा अंगठा सबंध पडद्याएवढा झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "अम्मा, हा अंगठा खरा केवढा आहे?"

"तुम्ही म्हणाल तेवढा, सार."

"मी काहीच म्हटलं नाही तर?"

भुवनेश्वरीने कपाळाला हात लावला.

विठ्ठलाच्या मागे सगळीकडे करड्या-पांढऱ्या चौकटी दिसत. त्यांना वाटलं, कोणीतरी आधीच फरशी काढून ठेवली आहे.

"ते काही नाही, सार. तिथे रिकामं आहे."

"रिकामं आहे तर दिसतं कशाला?"

"रिकामं आहे हे तुम्हाला कळावं म्हणून."

मागच्या बाकावर मुली फिसकन हसल्या. महालिंगराव हसले नाहीत. रिकामं म्हणजे पांढरं नव्हे, हे त्यांना त्या दिवशी घरी जाताना सारखं आठवत होतं, आणि आठवून काही उपयोग होत नव्हता.

सर्वांत छळलं ते रेघ मागे घेण्याने. दोन बटणं दाबली की चुकलेली रेघ नाहीशी. चाळीस वर्षं त्यांनी चुकलेली रेघ रॉकेलच्या बोळ्याने पुसली होती आणि दरवेळी खाली धुरकट डाग राहिला होता. त्या डागावरूनच पुढची रेघ सावरून जाई. इथे डाग नव्हता. एकच भुवई त्यांनी एका सकाळी सव्वीस वेळा काढली, आणि सव्विसावी पहिलीपेक्षा बरी होती की वाईट, ते सांगायला पहिली कुठेच उरली नव्हती.

थर मात्र त्यांना लगेच कळले. भुवनेश्वरी म्हणाली, "समजा काचेची पानं एकावर एक ठेवलीत. एकावर अंग, एकावर दागिने. हवं ते पान झाकता येतं. असतं, पण दिसत नाही."

महालिंगरावांचे वडील काचेवर चित्रं काढत. काच उलटी करून पाहायची असते, म्हणून त्यात डोळे सर्वांत आधी आणि आकाश सर्वांत शेवटी. कापडावर उलटं. कापडावर डोळे शेवटी. पडदा मठात टांगून झाला की महालिंगराव स्नान करून येत, समई लावत, आणि राहुकाळ टाळून ठरल्या वेळेला शिडीवर चढून आधी रुक्मिणीचे, मग विठ्ठलाचे डोळे भरत. तोवर ते नुसतं रंगवलेलं कापड. त्यावर पाय पडला तरी कोणी कानाला हात लावत नसे.

"आणि इथे डोळे केव्हा काढायचे?" त्यांनी विचारलं.

"केव्हाही."

हे उत्तर त्यांना चाललं नाही. त्यांनी सगळं चित्र पुरं केलं, अगदी शेवटी वेगळ्या थरावर डोळे काढले, आणि लगेच तो थर झाकून टाकला. कल्याण रविवारी होतं. छपाईची वेळ त्यांनी शनिवारी सकाळी पावणेअकराची धरली; राहुकाळ साडेदहाला संपत होता. तो संपला की डोळे उघडायचे आणि छापायचं.

गुरुवारी साईराम क्लासात पेन ड्राइव्ह न्यायला आले. भुवनेश्वरीने शिकवलं होतं तसं महालिंगरावांनी आपल्या हाताने चित्र साठवून त्यात घातलं. गुंडाळलेला पडदा उलगडला की सगळं त्यात असतंच, तसंच हे, असं ते धरून चालले.

"छापायच्या आधी मी येतो म्हणून सांग," ते म्हणाले. "डोळे उघडायचे आहेत."

"सांगतो, अण्णा," साईराम म्हणाले. म्हातारा दर वर्षी असंच काहीतरी म्हणतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

शनिवारी महालिंगराव न्हाऊन, गंध लावून प्रेसमध्ये पोचले, तर आत अंधार. वीज महामंडळाचं महिन्याचं शटडाऊन होतं, नऊ ते पाच. प्रेसचा प्रवीणकुमार दारात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होता.

"तुमचं कालच छापून ठेवलं, सार. आज वीज नाही ना." त्याने भेंडोळं जमिनीवर उलगडलं.

रंग झळझळीत होते. दागिन्यांतला मोती न् मोती उठला होता. भुवया होत्या, आणि भुवयांखाली गुळगुळीत सावळी कातडी. रुक्मिणीचंही तसंच.

"आता उघडा," महालिंगराव म्हणाले.

"काय उघडू?"

"डोळे. झाकून ठेवले आहेत."

प्रवीणकुमार उठून उभा राहिला. "सार, तुम्ही दिलंत ते एकच सपाट पान होतं. त्याच्या खाली काही नाही."

"खाली नव्हे. वर."

"वरही नाही. थर असलेली फाइल वेगळी असते. ती तुमच्या क्लासात असेल."

"आणि डोळे नाहीत हे तुला छापताना दिसलं नाही?"

"दिसलं की. दोघांनाही नव्हते, म्हणून वाटलं, तुम्हा मराठी लोकांची पद्धत असेल."

क्लासला कुलूप होतं. भुवनेश्वरी गरोदर बहिणीला घेऊन तिरुक्करुगावूरच्या देवळाला गेली होती, सोमवारशिवाय येणार नव्हती. संध्याकाळी वीज आल्यावर प्रेसचं मशीन लग्नांच्या फ्लेक्सना लागलं. दुसरा दिवस लग्नमुहूर्ताचा होता. साईराम म्हणाले, "इंटरनेटवरचा छापतां येईल का, विचारूं?" महालिंगराव भेंडोळं उचलून मठाकडे निघाले.

रविवारी सकाळी फ्लेक्स टांगला गेला. मठात बायका येऊन बसल्या, वर पाहत, मग एकमेकींकडे पाहत. महालिंगरावांनी घरून काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे डबे आणले होते. समई लावून ते शिडीवर चढले. फ्लेक्सवर ब्रश घसरत होता. कापड रंग पिऊन घेतं, हे घेत नव्हतं. रंग वर नुसता बसून राहत होता, ओला, चमकत. त्यांनी श्वास धरून चार बुबुळं भरली. खाली टाळ सुरू झाले, कोणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच.

"छान जाहलें," साईराम नंतर म्हणाले. "आतां पुढच्या वर्षापासून त्रास नाही, अण्णा. त्या फाइलींतले डोळे उघडून एकदां पेन ड्राइव्ह द्या. दरवर्षीं छापून घेऊं. तुम्हांला यायचीही गरज नाही."

फ्लेक्स गुंडाळून घरी आला. आठ दिवसांनी त्यांनी तो उलगडला, तर बुबुळांचा अर्धा रंग गेला होता. ओला असतानाच गुंडाळल्यामुळे तो मागच्या पांढऱ्या बाजूला चिकटला होता. त्यांच्या बायकोने, अलमेलूने, वाकून पाहिलं. पाठीवर चार काळे डोळे, बाकी काही नाही.

"हे कोणीकडून पाहतात हो?" तिने विचारलं.

महालिंगराव फ्लेक्सला वळसा घालून या बाजूने त्या बाजूला गेले, परत आले. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भुवनेश्वरीने फाइल उघडून दिली. "डोळे उघडू, सार? म्हणजे यावेळी चूक नको."

झाकलेले ते डोळे काढले तेव्हा उघडले गेले होते, की झाकले तेव्हा मिटले, की अजून जन्मलेच नव्हते? वडलांच्या काचेवर असते तर हे सगळ्यांत आधीचे. त्यांनी विचारलं, "अम्मा, चित्र उलटं करून मागून पाहता येतं का?"

"ह्याला पाठ नसते, सार."

मग त्यांनी पेन उचललं, डोळ्यांचा थर धरला आणि पुसून टाकला. दोन बटणं दाबून परत आणला. पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसल्यावर त्यांनी बटणांवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "असंच पेन ड्राइव्हवर घाल. साईरामला द्यायचं आहे."

"डोळ्यांशिवाय?"

"हो."

हे विठ्ठलासाठी केलं की पुढच्या वर्षी शिडीवर आपणच चढावं म्हणून, ते जिना उतरेपर्यंत त्यांना ठरवता आलं नाही. खाली आल्यावर ते रंगाच्या दुकानात शिरले आणि काळ्या रंगाचा सर्वांत लहान डबा मागितला. वर्षभरात तो आत वाळून जाणार, हे त्यांना पुरतं माहीत होतं.