धरणामागचा खडीचा रस्ता

दुकानात मी सायकलींपेक्षा टायरच जास्त बघितले. खडीवर चालवायची होती, म्हणून रुंद टायरची घेतली. मग महिनाभर खराब रस्ते शोधत हिंडले, तेव्हा धरणामागे एक मनासारखा सापडला.

काल तिथे एक बाई दुधाचे कॅन लावलेली स्कूटी हाताने ढकलत येताना दिसल्या. ज्या खडीवर मी मजेत होते, तिच्यावर त्यांची स्कूटी चालत नव्हती.

"रस्ता चुकलात का ताई?" त्यांनी विचारलं.

"नाही, मुद्दामच येते इकडे."

त्या माझ्या टायरांकडे बघत राहिल्या. "आम्ही अर्ज करून करून थकलो. आता डांबर मंजूर झालंय म्हणे."

"अरे वा! काम कधी सुरू होणार?" मी घाईने विचारलं.

त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठीच विचारतेय.