विजा चमकल्या म्हणून

पुण्याहून निघालेली आमची इलेक्ट्रिक गाडी संध्याकाळी संभाजीनगर शहर ओलांडून करमाडजवळच्या हॉटेलात थांबली तेव्हा बॅटरी जेमतेम उरली होती. हे हॉटेल निवडण्याचं कारण एकच. पार्किंगच्या भिंतीवर गीझरला असतो तसा मोठा सॉकेट होता आणि रात्रभर गाडी लावून ठेवायला मालकाची हरकत नव्हती.

पहाटेच निघून परभणी गाठायची होती. थोरले काका तिथून सकाळच्या रेल्वेने मुंबईला, मुलाकडे, कायमचे राहायला चालले होते. त्याआधी त्यांना आणि वडिलांना परभणीतलं आपलं पत्र्याचं घर एकदा दोघांनी मिळून बघायचं होतं. वडिलांनी माझ्याकडे फारसं कधी काही मागितलेलं नाही. हे मागितलं होतं.

केबल लावली. गाडीच्या नाकाशी हिरवा दिवा मंद उजळायचा, विझायचा, पुन्हा उजळायचा, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. वडील खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसले. ही किती खाते, असं त्यांनी रखवालदाराला विचारलं. लई खात नाय, पण सावकाश खाती, असं तो म्हणाला.

जेवणं होईपर्यंत उत्तरेला ढग जमले. पाऊस नव्हता. डोंगरांमागे विजा आवाज न करता लवत होत्या आणि रस्त्यापलीकडची नांगरलेली रानं क्षणभर दिसून नाहीशी होत होती. मी खोलीत गेलो. वडील जरा वेळाने आले आणि आल्या आल्या त्यांनी टीव्हीची पिन काढली.

पहाटे हिरवा दिवा नव्हता. बॅटरी जवळपास संध्याकाळी होती तेवढीच. सॉकेटचं बटण बंद होतं. आपण हात लावला नाही, असं रखवालदार शपथेवर सांगू लागला.

"मी बंद केलं," वडील म्हणाले. "विजा चमकत होत्या."

आभाळ चमकलं की घरातली प्रत्येक पिन काढायची, हा आमच्याकडचा नियम. एवढी महागाची गाडी त्यांनी तशीच भिंतीला जोडून ठेवणं शक्य नव्हतं.

"बाबा, गाडी वाचवली तुम्ही," रखवालदार म्हणाला. "आता पळायची कशी तेवढं सांगा."

शहरात परत जाऊन जलद चार्जिंग केलं तरी वेळ टळणार होती. भाड्याची गाडी उजाडल्याशिवाय मिळणार नव्हती. वडिलांनी भावाला फोन करून झालं ते सांगितलं. रेल्वे संभाजीनगरला थांबते, दारात उभा राहतो, असं काका म्हणाले.

बटण चालू केलं, गाडी तिथेच ठेवली आणि दुपारी आम्ही रिक्षाने स्टेशनवर गेलो. उन्हात रूळ पाण्यासारखे हलत होते. रेल्वे आली. काका खरंच दारात उभे होते, मांडीला कापडी पिशवी टेकवून. दोघांनी एकमेकांचे हात धरले.

"घर राहिलं," वडील म्हणाले.

"राहू दे. निघताना मेन बटण पाडून आलो," काका म्हणाले. "आता कितीबी चमकू दे."

रेल्वे हलली. वडील तिच्याबरोबर थोडं चालले आणि थांबले.

हॉटेलवर परतलो तेव्हा हिरवा दिवा श्वास घेत होता. संध्याकाळी पुन्हा ढग आले.

"आता कुठं पोचायची घाई आहे का?" वडिलांनी विचारलं.

नाही, मी म्हणालो.

त्यांनी जाऊन बटण बंद केलं.